यातला आमचा संदीप कुठला?

माझा सख्खा मेहुणा सिनेमात आला, आणि आमच्या अख्ख्या घराने तो सिनेमा डोळे फाडून बघूनही त्यातला मेहुणा कुठला हे एकालाही ओळखता आलं नाही. एवढंच झालं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

संदीप, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, फौजेत आहे. माझे सासरेही फौजेतच होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला, आंबेनळी घाटाच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. सासऱ्यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार : फौजी आणि बाकीचे. मी पोलादपूरला मेडिकलचं दुकान चालवतो, म्हणजे बाकीच्यांतलासुद्धा शेवटच्या रांगेतला. (लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता : "पळता किती?" मी म्हणालो, "एसटी सुटत असेल तर बऱ्यापैकी." त्यावर मुलगी दिली, हे त्यांचं मोठेपण.)

तर एकदा दुपारी संदीपचा फोन आला. तो कुठल्याशा डोंगरात होता, तिथे रेंज येते-जाते. फोन सासूबाईंनी घेतला.

"आये, पिक्चर येतोय. लढाईचा. त्यात नटांबरोबर खरे जवान घेतलेत. आमच्या युनिटमधले पण. मी हाय त्यात!"

"तू हायस? काय करतोस रं त्यात?"

"ते बघा नि तुमीच ओळखा. तोंडाला रंग हाय बरं का. आनि..."

'आनि'च्या पुढे खरखर झाली आणि फोन तुटला. त्या 'आनि'च्या पुढे जे होतं ते तेव्हा ऐकू आलं असतं, तर आज मी पोलादपुरात ताठ मानेने फिरलो असतो.

पिक्चर महाडला लागला. भात झोडून घरात आलं होतं, सगळे मोकळे होते. आम्ही ट्रॅक्स केली. गाडीत सासरे, सासूबाई, माझी बायको वर्षा, मी, आणि मुंबईहून आलेले चुलत सासरे बबनकाका. बबनकाकांनी मुंबईत एका शूटिंगच्या जागेबाहेर वॉचमनची नोकरी केली होती. त्यामुळे सिनेमातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, आणि सिनेमात काहीच खरं नसतं, अशा दोन्ही गोष्टींवर त्यांचा ठाम विश्वास होता.

"सगळा ग्राफिक असतो, वयनी," ते सासूबाईंना समजावत होते. "डोंगर पण ग्राफिक. पाऊस पण ग्राफिक."

"आनि माजा संदीप?"

बबनकाकांनी जरा विचार केला. "तो ओरिजनल. पन पुढंमागं सगळा ग्राफिक."

सासूबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. डब्यात नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकट होती. मुलगा पडद्यावर दिसणार, मग आईने रिकाम्या हाताने कसं जायचं!

टॉकीज भरलं होतं. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटून आलेली पोरं होती, कॉलेजची होती, आसपासच्या गावांतले माजी सैनिक तर एका रांगेत परेडला बसल्यासारखे बसले होते. दिवे गेले. पिक्चर सुरू झाला. आणि पहिल्याच दृश्यात पडद्यावर एकदम तीसचाळीस जवान पळत आले. सगळ्यांच्या तोंडाला काळा-हिरवा रंग, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि वरून धो धो पाऊस.

"तो बघा संदीप!" वर्षा ओरडली.

"कुठला?"

"तो काय! डावीकडून... गेला!"

"अगं, तो नाय," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो बघ ह्यो, ह्याचे कान आपल्या संदीपचे."

"आई, हेल्मेटातनं कान कुठे दिसतात?"

"आईला दिसतात!"

बोलला तर आवाजावरून ओळखू, अशी मला आशा होती. पण पडद्यावरचे सगळे जण एकाच प्रकारच्या हिंदीत, एकाच प्रकारच्या घोगऱ्या आवाजात बोलत होते. बबनकाकांनी खुलासा केला, "आवाज नंतर भरतात. बोलनारा येगळा, तोंड हलवनारा येगळा." म्हणजे आता चेहरा नाही, आवाज नाही, कान फक्त आईला दिसणारे. आम्ही पाच माणसं पाच वेगवेगळ्या जवानांवर नजर ठेवून बसलो, आणि मेले ते सारखे जागा बदलत होते!

सासरे मात्र शांत होते. त्यांनी हाताची घडी घातली होती आणि ते पिक्चर तपासत होते. कोण खरा जवान आणि कोण नट, हे आपल्याला चालीवरून कळतं, असं त्यांनी निघतानाच जाहीर केलं होतं.

"तो मिशीवाला हवालदार बघा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "छाती बघा. पाय बघा कसा टाकतोय. शंभर टक्के खरा फौजी."

"शंभर टक्के, मामा," मी म्हणालो.

"आनि तो रेडिओवाला बघा. तो चष्मिस."

रेडिओचा सेट दोन्ही हातांत धरलेला एक बारकासा जवान पडद्याच्या कडेला धडपडत होता. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. तोंड असं, की आत्ताच कोणीतरी दमात घेतलंय. चढण चढताना तो घसरला आणि दोन्ही हात सेटसकट वर करून चिखलात सपशेल आडवा झाला.

"ह्या असल्याला कोनी भरती केला?" सासरे जोरात म्हणाले. माजी सैनिकांच्या रांगेत खसखस पिकली. "नट हाय नट! बंदूक कधी बघितली नाय मेल्यानं!"

मी हसलो. सासऱ्यांचा विनोद म्हणून जितकं हसणं जावयाला भाग असतं, त्याहून जरा जास्तच हसलो.

मग मध्यंतराच्या आधी तो प्रसंग आला. एक कोवळा जवान गोळी लागून पडला. संगीत हळू झालं. त्याने आकाशाकडे बघितलं आणि ओठ हलवले, "माँ..."

"आले रे बाबा!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माजा संदीप गो! माजा लेक गेला!"

डबा खाली पडला. वर्षा त्यांना धरत होती, "आई, पिक्चर आहे, खोटं आहे!" बबनकाका ओरडत होते, "वयनी, ग्राफिक हाय!" आणि तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले.

सगळं टॉकीज आमच्याकडे बघत होतं. पिक्चरमध्ये खरे जवान आहेत, हे सगळ्यांनी वाचलं होतं. आता त्यांतल्या एकाचं नाव घेऊन एक म्हातारी बाई रडत होती. लोकांनी जो हिशेब केला तो अगदी सरळ होता.

"शहिदाची आई आहे," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

ते हळूच बोलणं तीन रांगा पुढे जाईपर्यंत मोठं झालं. एकाने पाण्याची बाटली आणली. कॉलेजच्या पोरी येऊन सासूबाईंच्या पाया पडल्या. माजी सैनिकांची रांग उठून उभी राहिली आणि त्यांनी सासऱ्यांना सॅल्यूट ठोकला. आता सॅल्यूट आला की सासऱ्यांचा हात आपोआप वर जातो, त्यात त्यांचा इलाज नसतो. त्यांनीही ठोकला. झालं! शंका असेल नसेल ती संपली. बाहेरच्या पोस्टरला घातलेला झेंडूचा हार कोणीतरी काढून आणला आणि त्यांच्या गळ्यात घातला.

"अहो, काय करताय? माजा पोरगा जिवंत हाय!" सासरे गरजले.

"हो बाबा," हार घालणारा डोळे पुसत म्हणाला, "असे जवान कधी मरतात का? ते अमर असतात!"

"अरे, अमर नाय, जिवंत! परवा फोन केलान त्यानं!"

त्या माणसाने माझ्याकडे बघून दुःखाने मान हलवली. धक्का बसलाय बिचाऱ्यांना, अशा अर्थाने.

मी खुर्चीवर चढून सांगितलं, "हे पहा, गैरसमज होतोय. आमचा मुलगा या पिक्चरमध्ये आहे. मेला तो आमचा नाही. आमचा जिवंत आहे."

"मग तुमचा कुठला?" एकाने रास्त प्रश्न विचारला.

"ते अजून सापडलेलं नाही."

यानंतर लोक आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. सासूबाई मात्र शांत झाल्या. त्यांनी डोळे पुसले, डबा उघडून भाकरी-सुकट नीट आहे ना ते बघितलं, आणि सुकटीचा जो घमघमाट सुटला, त्याने आमच्या पुढच्या दोन रांगांतला देशाभिमान जरा मागे हटला.

उत्तरार्ध मी नीट बघितला असं म्हणवत नाही. वर्षाने आतापर्यंत तीन संदीप बदलले होते. बबनकाकांना हिरोच संदीप वाटायला लागला होता ("मेकअपनं काय पन करतात!"). सासूबाई मेलेला जवान परत येतोय का ते बघत होत्या. सासऱ्यांनी मिशीवाल्या हवालदाराला कायमचं संदीप ठरवून टाकलं होतं.

"बाबा, तो चाळिशीचा तरी आहे!" वर्षा म्हणाली.

"फौजेत मानूस लवकर मोठा होतो," सासरे म्हणाले.

शेवटी नावं येतात, त्यात जवानांची नावं असतील, एवढाच आधार उरला होता. पण झेंडा फडकला त्याबरोबर अख्खं टॉकीज उठलं. आमच्यापुढे पाठीच पाठी. त्यांतून मान काढेपर्यंत ऑपरेटरने पिक्चर बंद करून दिवे लावलेसुद्धा!

बाहेर एक तरुण माइक घेऊन उभा होता. एका स्थानिक चॅनेलचा. चॅनेल म्हणजे तो, त्याचा मोबाइल आणि तो माइक. मध्यंतरातली बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती, पण वाटेत तिचं बरंच काही झालं होतं.

"वीरपिता कोण आपल्यात?" त्याने विचारलं.

सासऱ्यांनी गळ्यातला हार ओरबाडून काढला. "मी कोन नाय! जावईबापू बोलतील. ते शिकलेले हायत."

आणि त्यांनी मला पुढे ढकललं. आता माइक समोर आला की माणसाचं काय होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा आवाज आपोआप भारदस्त झाला.

"पिक्चर अप्रतिम आहे," मी म्हणालो. "खऱ्या जवानांनी जीव ओतलाय. खरा जवान आणि नट यांतला फरक आमच्यासारख्या फौजी घराण्यातल्या माणसाला लगेच कळतो." (फौजी घराणं सासरचं. मी त्यात उलट्या हुंड्यासारखा गेलो होतो.) "तो मिशीवाला हवालदार बघा. काय चाल! काय नजर! तो शंभर टक्के खरा."

"आणि काही खटकलं का, सर?"

इथे थांबायला हवं होतं. पण खटकलं का असं विचारल्यावर काहीच खटकलं नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय.

"एक गोष्ट खटकली. तो रेडिओवाला चष्मिस. अहो, एवढे खरे जवान असताना हा नट कुठून पकडून आणला? भाताचं पोतं ट्रकमधून टाकावं तसा तो चिखलात पडतो! खरा जवान असा पडेल का? त्याला आमच्या मेडिकलमध्ये आणून बसवा, मी त्याला कफ सिरपच्या बाटल्या पुसायलासुद्धा ठेवणार नाही!"

माझ्या खांद्यामागे सासरे जोरजोरात मान डोलावत होते. चॅनेलवाला खूश झाला. मीही खूश झालो. परतीच्या वाटेवर ट्रॅक्समध्ये सासरे मला पहिल्यांदाच म्हणाले, "चांगला बोललात." लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला फौजेत घेतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर गिऱ्हाईक हसतच आलं. "कफ सिरप द्या, पण बाटली पुसून!" मग दुसरं. मग एक बाई फक्त मला बघायला आली. क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर गेली होती. वाडीच्या ग्रुपवर, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर, कशेडी घाटात चहा प्यायला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर. कोणीतरी माझ्या वाक्यामागे ढोल वाजवला होता. 'भाताचं पोतं' म्हटलं की धडाम असा आवाज!

आम्ही सासुरवाडीला जेवायला बसलो होतो तेव्हा संदीपचा फोन आला. वर्षाने स्पीकरवर टाकला.

"ताई, भावोजी हायत का तिथं?"

"आहेत की! अरे, तू कुठला ते आधी सांग. आम्ही सगळे भांडतोय इथे. बाबा म्हणतात, मिशीवाला."

"मिशीवाला नट हाय. लय प्रॅक्टिस करून चालला बिचारा."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"आणि मेला तो?"

"तो पन नट."

"मग तू?"

पलीकडे खरखर झाली. मला वाटलं, फोन तुटला. तुटला असता तर बरं झालं असतं.

"भावोजी," संदीप म्हणाला, "भाताचं पोतं म्हंजे मीच."

आमटीची वाटी मी कशी आणि का तोंडाला लावली, ते मला आठवत नाही. पण ठसका असा लागला की सासूबाई पाठीवर थापट्या मारू लागल्या. त्या थापट्यांत नुसती काळजी नव्हती.

"तुज्या डोळ्यांवर चष्मा कसा रं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच तर सांगत व्हतो त्या दिवशी. तोंडाला रंग हाय आनि डोळ्यांवर चष्मा हाय. फोन कट झाला. डायरेक्टर बोलला, रेडिओवाला जरा घाबरट दाखवायचाय, हिरोनं त्याला वाचवायचाय. मला घाबरायला जमेना. म्हणून मिशी काढली नि चष्मा लावला. त्या काचांतनं मला काय दिसत नव्हता, ताई! पाय कुठं टाकतोय तेच कळेना. म्हणून पडलो. ते पडणं पिक्चरमध्ये नव्हताच, खरोखरचा पडलो मी. गुडघा फुटला. डायरेक्टर बोलला, वा, काय ॲक्टिंग केलीस!"

म्हणजे सगळ्या पिक्चरमध्ये जी एकमेव गोष्ट शंभर टक्के खरी होती, ती शोधून काढून मी जाहीरपणे खोटी ठरवली होती.

"साहेबांनी क्लिप सगळ्यांना दाखवली," संदीप सांगत होता. "आता इथं मला कोन नावानं हाक मारत नाय. पोतं, इकडे ये. पोतं, तिकडे जा."

"संदीप," मी कसाबसा म्हणालो, "मी नुसतं बोललो रे. पण आधी हे मामांनीच..."

"मी?" सासरे एकदम सरळ बसले. "मी काय बोललो? मी चकार शब्द काढला नाय!"

"मामा, क्लिपमध्ये तुम्ही मान डोलावताय!"

"माशा व्हत्या तिथं! सुकटीच्या वासानं!" आणि मग फोनकडे वळून ते म्हणाले, "संदीप, मी तुला पयल्या झटक्यात वळखला व्हता. पन पाहुण्यांचा मान, त्यांना बोलू दिला."

संदीप हसला. मग सासरे जरा थांबले आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "गुडघा आता कसा हाय?"

"बरा हाय, बाबा."

"सेट?"

"सेटला पानी लागू दिला नाय. वर धरलेला ना मी."

"हां," सासरे म्हणाले. एवढंच. पण मग त्यांनी सासूबाईंना आमटी जास्त तिखट झाल्याचं उगाच सांगितलं.

त्या आठवड्यात सासरे रोज महाडला जाऊन तो पिक्चर बघत होते. सोबत दर वेळी नवा माणूस नेत. चष्मिस पडला की मोठ्याने सांगत, "बघा, असा पडायला फौजी लागतो! नटाला जमनार नाय!" वाडीत त्यांनी असंही पसरवलं, की जावयाला चष्मा लागला असावा, पण सांगायला लाजतो.

पुढे संदीप रजेवर आला. मी मोटरसायकल घेऊन त्याला आणायला पोलादपूरच्या स्टँडवर गेलो. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती. तो एसटीतून उतरला, मिशी परत वाढलेली, खांद्याला बॅग. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "काय भावोजी, बाटल्या पुसायला ठेवताय ना?"

मला हसू की रडू तेच कळेना. तेवढ्यात पाचसहा पोरं पळत आली. मला वाटलं, आली, गावच्या जवानाला ओळखून आली. मी अभिमानाने बाजूला झालो. पोरं बरोबर माझ्याभोवती गोळा झाली.

"काका, तुम्हीच ना ते पोतंवाले? एक सेल्फी!"

"अरे, हा बघा," मी संदीपकडे बोट दाखवलं, "हा खरा जवान. पिक्चरमध्ये आहे हा! मी नव्हे!"

पोरांनी संदीपकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्यातला एक मला डोळा मारून म्हणाला, "काका, तुम्ही खरा म्हणालात म्हणजे हा नक्की नट!" आणि त्याने आपला मोबाइल संदीपच्या हातात दिला. "ओ दादा, सेल्फीत सगळे मावत नाहीत. काकांबरोबर आमचा एक फोटो काढता का?"

संदीपने बॅग खाली ठेवली, मोबाइल नीट धरला आणि एक डोळा मिटून नेम घेतल्यासारखा आमचा फोटो काढला. पोरं खूश होऊन निघाली. जाता जाता एकाने मागे वळून विचारलं, "काका, पुढच्या शुक्रवारी दोन पिक्चर लागतायत. त्यांतला तुम्हाला कुठला बंडल वाटतो ते सांगाल का? आम्ही तोच बघू!"